गोठ्याच्या दारातून येणारा क्षय

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. हिरवीगार कुरणे आणि दुभत्या गायींचे कळप यांसाठी तो प्रसिद्ध. १९७१ साली तेथील एका शेतावर एक मेलेला बॅजर सापडला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, जमिनीत खोल बिळे खणून टोळीने राहणारा आणि रात्री भक्ष्य शोधत फिरणारा हा वन्य प्राणी. त्याच्या शरीरात गुरांच्या क्षयरोगाचे जंतू आढळले आणि एका वादाला तोंड फुटले. अर्धशतक उलटून गेले तरी तो वाद शमलेला नाही. गायींना क्षय कोण देतो? रानातला बॅजर की बाजारातून आणलेली शेजारची गाय?

प्रश्न वरवर पाहता ब्रिटिश शेतकऱ्यांचा आहे. तेथे क्षयाच्या चाचणीत दोषी ठरलेली तीस हजारांहून अधिक गुरे गेल्या दशकात वर्षागणिक मारावी लागली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कळप एका आठवड्यात निम्मा झाल्याचे दुःख तेथील अनेक कुटुंबांनी सोसले आहे. परंतु या वादातून कळपातील क्षयाच्या प्रसाराविषयी जे ज्ञान हाती आले, ते जगातील सर्वाधिक गोधनांपैकी एक सांभाळणाऱ्या आपल्या देशालाही उपयोगी आहे. त्या ज्ञानाचे सार असे की, वन्य प्राण्यांचा वाटा नाकारता येत नाही. मात्र रोग दूरवर नेणारी आणि कळपात मुरवणारी बहुतेक कारणे माणसाच्या व्यवहारात दडलेली आहेत.

सावकाश चालणारा रोग

गुरांचा क्षय 'मायकोबॅक्टेरियम बोव्हिस' या जंतूमुळे होतो. माणसाला सामान्यतः ज्या जंतूमुळे क्षय होतो, त्या 'मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस'चा हा अगदी जवळचा नातलग. अमेरिकी शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये या दोहोंतील भेद दाखवून दिला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०१ च्या लंडन येथील क्षयरोग परिषदेत, क्षयजंतूचा शोध लावणारे खुद्द रॉबर्ट कॉख यांनी गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे मत मांडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत असूनही ब्रिटिश सरकारने ते तसेच स्वीकारले नाही. नेमलेल्या शाही आयोगाने १९११ पर्यंत चिकाटीने प्रयोग करून कॉख यांचे म्हणणे चुकीचे ठरवले. कच्च्या दुधातून हा जंतू मुलांच्या पोटात जात होता. मानेतील गाठी सुजून फुटणे, म्हणजे आपल्याकडे जिला गंडमाळ म्हणतात ती व्याधी, अनेकदा त्याचाच परिणाम असे. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील सुमारे ४० टक्के दुभत्या गायींना संसर्ग असावा आणि त्यापायी दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे दगावत असावीत, असा अंदाज आहे.

माणसाला दूध हा धोक्याचा मार्ग असला, तरी गायीकडून गायीकडे हा रोग प्रामुख्याने श्वासावाटे जातो. बाधित जनावर खोकते वा फुरफुरते तेव्हा जंतू असलेले सूक्ष्म तुषार हवेत पसरतात आणि शेजारी उभ्या असलेल्या जनावराच्या फुप्फुसात शिरतात. म्हणूनच मारलेल्या बाधित गुरांची तपासणी केली असता गाठी बहुधा छातीतील आणि डोक्याकडील लसिकाग्रंथींत सापडतात. वासरांना मात्र आईच्या दुधातूनही संसर्ग होऊ शकतो. याशिवाय बाधित जनावरांच्या शेणातून व लघवीतून पडलेले जंतू ओलसर, सावलीच्या जागी काही आठवडे, क्वचित काही महिने तग धरतात.

या रोगाचे खरे बळ त्याच्या संथपणात आहे. लाळ्या-खुरकूत झालेले जनावर दोन-चार दिवसांत लंगडू लागते, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. क्षयाची बाधा झालेली गाय महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चांगली धडधाकट दिसते, दूध देते, गाभण राहते. खोकला, खंगणे ही लक्षणे फार उशिरा येतात. तोवर ती कितीतरी जनावरांच्या शेजारी उभी राहिलेली असते आणि कदाचित दोनदा विकलीही गेलेली असते.

कळपातच दडलेली कारणे

कोणत्या कळपाला धोका अधिक, याचा अभ्यास ब्रिटन, आयर्लंड आणि इतर देशांत वारंवार झाला आहे. त्यातून पुढे आलेली काही कारणे सर्वत्र सारखी आहेत.

पहिले कारण कळपाचा आकार. जनावरे जितकी अधिक, तितकी त्यांतील एखाद्याला बाधा असण्याची शक्यता अधिक आणि एकदा रोग शिरला की तो समूळ निघण्याची शक्यता कमी. मोठा कळप खरेदीही अधिक करतो, त्याची कुरणे अधिक शेजाऱ्यांना लागून असतात. दुसरे कारण दाटी आणि कोंडलेली हवा. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंदिस्त गोठ्यात राहणाऱ्या, एकाच गव्हाणीत तोंड घालणाऱ्या गायी परस्परांचा श्वास सतत घेत असतात. तिसरे कारण वय. मांसासाठी पाळलेले जनावर दोन-अडीच वर्षांत कत्तलखान्यात जाते. दुभती गाय अनेक वेते गोठ्यात काढते. संसर्ग होण्यास आणि तो इतरांना देण्यास तिला तेवढा अधिक अवधी मिळतो.

चौथे कारण शेजार. कुंपणावरून नाकाला नाक लावणारी दोन शेतांतील गुरे रोगाची देवाणघेवाण करू शकतात. बाधित कळपाचे पातळ शेणखत दुसऱ्याच्या कुरणावर पसरणे, विकण्यास अयोग्य ठरलेले दूध न तापवता वासरांना पाजणे, हेही धोक्याचेच. पाचवे कारण कळपाचा इतिहास. ज्या कळपात पूर्वी क्षय निघाला होता, त्यात तो पुन्हा निघण्याची शक्यता इतरांहून बरीच अधिक असते. रोग संपला असे कागदोपत्री जाहीर झाल्यानंतरही तो गोठ्यात कसा उरतो, हे समजण्यासाठी चाचणीकडे वळावे लागेल.

चाचणीच्या जाळ्यातील भोके

१८९० मध्ये कॉख यांनी क्षयजंतूंपासून 'ट्युबरक्युलिन' नावाचा अर्क तयार केला. क्षयावरील औषध म्हणून तो साफ अपयशी ठरला. परंतु रोग ओळखण्याचे साधन म्हणून आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तो वापरात आहे. ब्रिटनमध्ये गायीच्या मानेवर दोन ठिकाणी त्वचेत टोचण्या देतात. एक गुरांच्या क्षयजंतूच्या अर्काची, दुसरी पक्ष्यांच्या क्षयजंतूच्या अर्काची. बहात्तर तासांनी पशुवैद्यक परत येतो आणि दोन्ही ठिकाणच्या त्वचेची जाडी मोजतो. गुरांच्या अर्काची गाठ ठरावीक प्रमाणाहून मोठी निघाली, तर ते जनावर दोषी.

ही चाचणी निरोगी जनावरावर सहसा खोटा आळ घेत नाही. पाच हजार निरोगी जनावरांत जेमतेम एखादे चुकून दोषी ठरते. उलट बाजूने मात्र ती लंगडी आहे. शंभर बाधित जनावरांपैकी वीस वा त्याहूनही अधिक तिच्या नजरेतून सुटतात. नुकताच संसर्ग झालेले जनावर प्रतिक्रिया देत नाही आणि रोगाने पार पोखरलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती थकल्याने तेही देत नाही. यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींची बाधा असेल तर प्रतिक्रिया दबली जाते, असेही ब्रिटनमधील अभ्यासात दिसले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ काय? दोनशे गायींच्या कळपात पाच बाधित असतील, तर चाचणी त्यांतील चार पकडेल आणि पाचवी निर्दोष म्हणून गोठ्यात परत जाईल. दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी होते. सलग दोनदा कोणीही दोषी न निघाल्यास विक्रीवरील निर्बंध उठतात. त्या पाचव्या गायीची प्रतिक्रिया दोन्ही वेळा दबलेलीच राहिली, तर वर्षभराने शेतकरी हताश होऊन विचारतो, 'एकही जनावर बाहेरून आणले नाही, मग रोग आला कोठून?' पुष्कळदा तो आलेला नसतो, गेलेलाच नसतो. रक्तावर करावयाची गॅमा इंटरफेरॉन चाचणी अशी काही निसटलेली जनावरे पकडते, परंतु ती महाग आहे आणि निरोगी जनावरांना दोषी ठरवण्याचे तिचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे ती मुख्य चाचणीला पूरक म्हणूनच वापरतात.

२००१ ने शिकवलेला धडा

जनावरांच्या खरेदी-विक्रीतून हा रोग किती दूर जातो, याचा जणू एक प्रयोगच २००१ साली ब्रिटनमध्ये झाला. तोही कोणी योजलेला नसताना. त्या वर्षी फेब्रुवारीत तेथे लाळ्या-खुरकूत रोगाची साथ पसरली. ती आटोक्यात आणताना साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. पशुवैद्यक त्या कामात गुंतल्याने आणि शेतांवर जाण्यास बंदी असल्याने क्षयाच्या चाचण्या वर्षाचा बराच काळ जवळजवळ ठप्प झाल्या. साथ ओसरल्यावर रिकाम्या गोठ्यांच्या मालकांनी देशभरातून गुरे खरेदी करण्यास सुरुवात केली. ज्यांची चाचणी महिनोन्‌महिने झालेली नव्हती, अशी गुरेही त्यांत होती.

उत्तरेकडील कंब्रिया परगण्याला साथीचा सर्वाधिक तडाखा बसला होता. क्षयापासून तो परगणा तोवर जवळपास मुक्त होता. नव्या गुरांबरोबर तेथे क्षय पोहोचला. जंतूंच्या वंशप्रकारांची तुलना केली असता त्यांचे धागेदोरे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नैर्ऋत्येकडील रोगग्रस्त भागांशी जुळले. बॅजर आपले बीळ सोडून एवढा प्रवास करीत नाही. ट्रकमधील गाय एका दिवसात करते. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हेच आकडेवारीने दाखवले. रोगाच्या मूळ पट्ट्याबाहेर नवा उद्रेक कोठे होईल, हे सांगणारा सर्वांत खात्रीचा निर्देशक म्हणजे त्या ठिकाणी आलेल्या गुरांची ये-जा. अखेर २००६ मध्ये इंग्लंडमध्ये अधिक धोक्याच्या भागांतून गुरे हलवण्यापूर्वी त्यांची चाचणी करणे बंधनकारक झाले.

याच कंब्रियातून पुढे आणखी एक बोलके उदाहरण मिळाले. २०१४ नंतर परगण्याच्या पूर्व भागात एक उद्रेक झाला. तेथील जंतूचा प्रकार प्रामुख्याने उत्तर आयर्लंडमध्ये आढळणारा होता. मध्ये समुद्र असताना तो कंब्रियात आला तो गुरांबरोबरच. त्यानंतर तोच प्रकार तेथील बॅजरांतही सापडला. गुरांनी आणलेला रोग रानात शिरला होता.

बॅजर कितपत दोषी?

म्हणून बॅजर निर्दोष सुटतो काय? तसे नाही. बॅजरांत हा संसर्ग टिकून राहतो आणि त्यांच्याकडून तो गुरांकडे परतही येतो. ग्लॉस्टरशायरमधील वुडचेस्टर पार्क येथील बॅजरांचे आणि आसपासच्या गुरांचे जंतू जनुकीय कसोटीवर तपासले असता दोन गोष्टी दिसल्या. एकाच जातीच्या प्राण्यांत होणारा प्रसार दोन जातींमधील प्रसारापेक्षा अधिक होता. आणि दोन जातींत जो प्रसार होत होता, त्यात बॅजरांकडून गुरांकडे जाणारा ओघ मोठा होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अर्धाच सोयीचा आहे.

बॅजर मारल्याने काय साधते, याचा शोध घेण्यासाठी १९९८ मध्ये एक विस्तृत प्रयोग सुरू झाला. प्रत्येकी सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे तीस भाग निवडण्यात आले आणि काही वर्षांत जवळपास ११ हजार बॅजर मारण्यात आले. ज्या भागात बॅजर सातत्याने मारले, तेथील कळपांत क्षय सुमारे २३ टक्क्यांनी घटला. मात्र त्या भागाच्या सीमेबाहेरील दोन किलोमीटरच्या पट्ट्यात तो तितकाच किंवा थोडा अधिक वाढला. मोडलेल्या टोळ्यांतील उरलेले बॅजर सैरावैरा भटकू लागले आणि रोग नव्या ठिकाणी घेऊन गेले, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखालील शास्त्रज्ञ गटाने २००७ च्या अंतिम अहवालात बॅजर मारून रोगनियंत्रणाला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही, असा निर्वाळा दिला आणि गुरांवरील उपाय कडक करण्यास सुचवले.

राजकारणाला हा सल्ला पचला नाही. २०१३ पासून इंग्लंडमध्ये बॅजर मारण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील दशकात दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. त्या काळात त्या भागांतील क्षय घटला हे खरे. पण त्याच काळात गुरांच्या चाचण्याही वाढल्या होत्या, त्यामुळे श्रेय कोणाचे यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. १९९८ च्या प्रयोगाच्या आकडेवारीची फेरतपासणीही अलीकडे झाली आहे. २०२४ मध्ये नव्या सरकारने ही मोहीम टप्प्याटप्प्याने बंद करून बॅजरांच्या लसीकरणावर भर देण्याचे धोरण जाहीर केले. दरम्यान, २००९ मध्ये क्षयमुक्त दर्जा मिळवलेल्या स्कॉटलंडने बाहेरून येणाऱ्या गुरांच्या चाचण्यांवर कटाक्ष ठेवला आहे. बॅजर तेथेही आहेत.

आपल्याकडे काय?

भारतातील गुरांमध्ये क्षय किती आहे? देशभरात झालेल्या विविध पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ७.३ टक्के गुरांना बाधा असावी. म्हणजे दोन कोटींहून अधिक जनावरे. ब्रिटनमधील सर्व गुरांच्या दुपटीहून ही संख्या मोठी आहे. आपल्याकडे बॅजरांचा प्रश्न नाही, परंतु वर सांगितलेली बाकी जवळजवळ सर्व कारणे हजर आहेत. गुरांच्या बाजारात दाखला विचारला जातो तो दुधाचा आणि वेतांचा. क्षयाच्या चाचणीचा नव्हे. कृत्रिम रेतनासाठी वीर्य पुरवणाऱ्या केंद्रांतील वळूंची क्षयासाठी तपासणी होते, परंतु सामान्य गोठ्यापर्यंत अशी नियमित चाचणी पोहोचलेली नाही. संकरित गायींचे प्रमाण वाढते आहे. इथिओपियातील पाहणीत होल्स्टीन जातीच्या गायी तेथील वशिंडाच्या देशी गायींपेक्षा या रोगाला अधिक बळी पडताना आढळल्या. होल्स्टीनचेच रक्त आपल्या अनेक संकरित गायींत आहे. शहरांच्या कडेला असलेल्या दाटीच्या गोठ्यांत आणि तबेल्यांत हवा खेळती राहत नाही. गोशाळांत ठिकठिकाणची भाकड, म्हातारी, अशक्त जनावरे एकत्र येतात आणि आयुष्यभर एकत्र राहतात.

ब्रिटनचा मार्ग, म्हणजे चाचणी करून दोषी जनावर मारणे, आपल्याला मोकळा नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ पासून ती बैल व वळूंनाही लागू आहे. समाजाच्या भावना आणि लहान शेतकऱ्याचे एक-दोन गुरांवर चाललेले घर, या दोन्ही बाबी लक्षात घेता केवळ पाश्चात्त्य कृती उचलणे शक्य नाही. मात्र कत्तल नाही म्हणजे उपाय नाही, असेही नव्हे. डेन्मार्कचे पशुवैद्यक बर्नहार्ड बांग यांनी १८९० च्या दशकातच एक वेगळी वाट दाखवली होती. चाचणीत दोषी ठरलेली गुरे निरोगी गुरांपासून वेगळ्या गोठ्यात ठेवायची, त्यांची वासरे जन्मतःच दूर करून तापवलेल्या दुधावर वाढवायची आणि निरोगी कळपाची पुनःपुन्हा चाचणी करायची. हा मार्ग संथ आहे, त्याला जागा आणि शिस्त लागते. पण गोशाळा आणि मोठे दुग्धप्रकल्प यांना तो अशक्य नाही. गुरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यांच्या नोंदींना प्रत्येक विक्रीची आणि चाचणीची जोड मिळाली, तर रोग कोठून कोठे चालला आहे हे दिसू लागेल. आज तो अंधारात प्रवास करतो.

माणसाच्या दृष्टीने दिलासा देणारी एक गोष्ट म्हणजे दूध उकळून पिण्याची आपली जुनी सवय. ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवलेल्या दुधात हा जंतू जिवंत राहत नाही. उकळी फुटली की प्रश्नच नाही. धोका उरतो तो प्रामुख्याने गोठ्यात राबणाऱ्यांना आणि कच्चे दूध आरोग्यदायी मानून पिणाऱ्यांना. वेल्लोर येथील रुग्णांच्या ९४० नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'बोव्हिस'चा रानटी प्रकार एकाही नमुन्यात नव्हता. मात्र त्याच कुळातील, दक्षिण आशियातील गुरांत आढळणारा 'ओरिजिस' हा जंतू सात जणांत सापडला. आपल्याकडील चित्र युरोपहून वेगळे असू शकते, याची ही जाणीव आहे. 'बोव्हिस'वर पायरॅझिनामाइड हे क्षयाचे नेहमीचे औषध मुळातच चालत नाही, त्यामुळे नेमका जंतू ओळखणे उपचारासाठीही गरजेचे ठरते. शिवाय ही वाट दुहेरी आहे: खोकणाऱ्या गुराख्याकडून गायीलाही क्षय होऊ शकतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथे ही शक्यता दुर्लक्षून चालणार नाही.

तेव्हा कळप राखायचा असेल तर नियम साधे आहेत. जनावर विकत घेण्यापूर्वी चाचणीचा आग्रह धरावा. आणल्यावर त्याला काही आठवडे वेगळे बांधावे आणि पुन्हा तपासावे. वासरांना तापवलेले दूध द्यावे, गोठ्यात हवा खेळती ठेवावी, गव्हाणी व पाण्याचे हौद स्वच्छ राखावेत आणि गोठ्यात काम करणाऱ्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर त्याची थुंकी तपासून घ्यावी. यांतील बहुतेक गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. चाचणीची सोय मात्र शासनाने गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून करून द्यावी लागेल. शहरातील ग्राहक दुधाच्या पिशवीवर स्निग्धांशाचे प्रमाण पाहतो, तारीख पाहतो. ते दूध ज्या कळपातून आले, त्याची तपासणी कधी झाली, हेही त्याने विचारण्यास सुरुवात केली, तर दुग्धसंघांना त्याचे उत्तर शोधावे लागेल.